चुळीचं औषध

वरची वाडी, पावस
२४ एप्रिल १९८५

खेडच्या विहीणबाई गोदाबाईंना तुळसाचा नमस्कार. नमस्कार रीतीचा आहे तेवढा घ्या, त्याच्या पुढचं सगळं पत्र रागाचं आहे, हे आधीच सांगून ठेवते.

मैना शनिवारी सुखरूप पोचली. तुमचा लेक बाळा तिला सोडायला आला होता, त्याला म्हटलं घोटभर चहा तरी घे रे, पण परतीची एस्टी चुकेल म्हणून उभ्या उभ्याच गेला. मी खळ्यात आमसुलं वाळत घालत होते. पाणंदीच्या टोकापासून पोरीची हाक, "आजी गो, तांबडी कोंबडी उठली काय अंड्यांवरून?" बघा, एवढे दिवस तुमच्याकडे राहिली, नळाचं पाणी प्याली, जगबुडी नदीच्या पुलावरचे ट्रक बघितले, पण खुडूक बसवलेली कोंबडी विसरली नाही. माझ्या हातातली आमसुलं हातातच राहिली. शेजारची यमुनाबाई म्हणाली, "तुळसा, तुझं तोंड बघ आरशात, दारात मांडव घातल्यासारखं फुललंय." फुलेल नाही तर काय! पोर दीड वर्षाची असताना तुमची विमला तिला माझ्या ओटीत घालून मुंबईला नोकरीवर गेली, ती आता पाच पुरी होऊन सहावं लागलं. तिच्याशिवाय घरात पंधरा दिवस काढले म्हणजे काय ते मला विचारा. आमचे हे तर रेडिओसुद्धा लावीनात.

आता रागाचं. रविवारी सकाळी आंघोळ झाल्यावर मैना पिशवीतून एक बाटली घेऊन आली, म्हणाली, "आजी, माझं औषध." बाटलीत गुलाबी पाणी, बाटलीला दाते कापलेली कागदाची पट्टी चिकटवलेली, डोस मोजायची. मला वाटलं पोरीला खोकला झाला होता आणि तुम्ही कळवलं नाही. विचारलं तर म्हणते, "दातांचं आहे गो, खेडची आजी रोज देते, देवाची पूजा झाली की." विहिणीने दिलेलं औषध, मी कोण नको म्हणणारी? दिलं तिच्या हातावर. प्याली, ओला हात डोक्याला पुसला आणि गेली वासराशी खेळायला. दुसऱ्या दिवशी पण दिलं. गोड लागतं म्हणे. मग मी विहिरीवर गेले तेवढ्यात गोड लागतं म्हणून बाईसाहेबांनी आपल्या हाताने बाटली तोंडाला लावली. आले तर पोर पडवीत पोट धरून पडलेली, ओकाऱ्यावर ओकाऱ्या. ओरडून ह्यांना बोलावलं. ह्यांनी तिला खांद्यावर टाकून पावसच्या दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी बाटलीचा वास घेतला, दूध पाजायला सांगितलं आणि म्हणाले, हे काय आहे ते ठाऊक नाही पण परत देऊ नका. बाटलीवर नाव नाही, गाव नाही. संध्याकाळपर्यंत पोर उठली, पेज प्याली, पण माझा जीव अजून ठिकाणावर आलेला नाही.

विहीणबाई, दातांचं औषध पोटात कशाला घालता? दात तोंडात असतात हे तुम्हाला सातवी शिकून कळलं नाही? कसलं विष पाजलंत माझ्या नातीला?

आणि शाळेचं म्हणाल तर विमलाने लिहिलं होतं की जूनमध्ये मैनाचं नाव खेडला घालायचं की इथे, ते दोघी आज्यांनी मिळून ठरवा. तुम्ही म्हणालात खेडची शाळा मोठी. असू दे मोठी. मिळून ठरवायचं आता काही उरलं नाही. नाव इथेच घालणार, मैना माझ्याजवळ राहणार.

तुळसा

*

एस्टी स्टँडमागे, खेड
१ मे १९८५

सौ. तुळसाबाई यांस,

कार्डावर जागा कमी असते, म्हणून कामाचं तेवढं लिहिते. ते औषध प्यायचं नाही. चूळ भरून थुंकायचं असतं. दात किडू नयेत म्हणून इथल्या दातांच्या डॉक्टरांनी दिलेलं आहे, कुठल्या वैदूने नव्हे. माझ्या नातवाचं तेच चालू आहे. मैनाने इथे रोज घेतलं, तिला एकदाही ओकारी झाली नाही. थुंकायचं औषध पाजलंत तुम्ही, बाटली पोराच्या हाताला लागेल अशी ठेवलीत तुम्ही, आणि विष मी दिलं?

मैनाच्या दाढा तुम्ही कधी उजेडात बघितल्या आहेत का? मागच्या काळ्या पडल्या आहेत. फणसपोळीचा तुकडा गालात धरून झोपते, हे तिनेच मला सांगितलं. आणि सकाळी आजीच्या डब्यातली मशेरी बोटावर घेऊन आजीबरोबर दात घासते, हेही तिनेच सांगितलं. पाच वर्षांच्या मुलीला तंबाखू! शाळेचं मी विमलाशी बोलेन.

गोदाबाई

*

वरची वाडी, पावस
७ मे १९८५

विहीणबाई,

ह्या वेळी नमस्कार नाही. नमस्कार करायला तोंड ठेवलं नाहीत तुम्ही मला.

उघडं कार्ड टाकलंत! मी आंतरदेशी घेते, कडा थुंकी लावून चिकटवते, वर भाताची शितं लावते, आणि तुम्ही किराणा दुकानाच्या मालकीणबाई, तुम्हाला आंतरदेशी जड झालं? आमचे पोस्टमन हुसेनभाई भला माणूस. त्याला वाटतं बायकांना अक्षर लागत नाही. मला लागतं, दुसरीपर्यंत गेलेय मी, पण त्याला सांगायचं कोणी? त्याने सायकल कुंपणाला टेकवली आणि खळ्यात उभा राहून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. आमसुलांसाठी रातांबे फोडायला वाडीतल्या सगळ्या जणी बसलेल्या. "आजीच्या डब्यातली मशेरी" इथपर्यंत आला आणि बिचाऱ्याचा आवाज बसला. चाचरत म्हणाला, "पुढचं तुम्हीच वाचा काकी." पुढे काय वाचायचं राहिलं होतं? यमुनाबाई पदर तोंडात कोंबून हसत होती. तीसुद्धा लावते, तिचा डबा माझ्यापेक्षा मोठा आहे!

होय, मी मशेरी लावते. माझी आई लावायची, सासू लावायची, तव्यावर भाजलेल्या तंबाखूचा वास आल्याशिवाय आमच्याकडे सकाळ होत नाही. लावल्याशिवाय माझं पोट साफ होत नाही, विहिणीला काय सांगायचं आणि काय नाही, पण विषय तुम्ही काढलात. मैना बाजूला बसते. नुसती बघते. लहान पोर, बघणार नाही तर काय करणार?

आता तुमच्या थुंकण्याचं. तुमचं कार्ड आल्यावर मी पोरीला मांडीवर घेतली. रागावले नाही हां, ती आता बरी आहे, कैऱ्या खाते, झाडावर दगड मारते, आजोबांची काठी घेऊन मास्तर होते आणि मला बाकावर उभी करते. विचारलं,

"मैना, खेडच्या आजीने थुंक म्हणून सांगितलं होतं काय गो?"

"हो. चूळ भर म्हणाली."

"मग भरलीस?"

"भरली ना! आधी तीर्थ प्यायले, मग गुलाबी तीर्थ प्यायले, मग न्हाणीत जाऊन पाण्याने खळखळ चूळ भरली. मोठ्ठी."

"गुलाबी तीर्थ कसलं?"

"ते गो! देवाजवळ ठेवलेलं असतं ते. आजी पळीभर पांढरं देते आणि मग टोपणभर गुलाबी."

विहीणबाई, तुम्ही औषधाची बाटली देवघरात ठेवलीत? तीर्थाच्या शेजारी? आधी तीर्थ हातावर, लगेच औषध त्याच हातावर, आणि तुम्ही तोंड देवाकडे करून जप करत बसलात? ती पोर थुंकेल कशी? ती पाळण्यात असल्यापासून मी तिला शिकवलंय, देवासमोर हातावर जे पडेल ते पोटात गेलं पाहिजे, थेंब भुईवर पडता नये, आणि ओला हात डोक्याला पुसायचा. देवळात सोमवारी गुरव तीर्थ देतो तेव्हा बघा एकदा तिला, मोठ्या बायकांच्या हातून सांडतं, हिच्या हातून सांडत नाही. गुरव म्हणतो, तुळसाकाकी, नात शिकवावी तर तुम्ही. तुमच्या घरी ती रोज ते गुलाबी गिळत होती आणि तुम्ही न्हाणीतली खळखळ ऐकून समाधानी! चूळ पाण्याची होती, बाई.

मी पाजलं म्हणता. माझ्यापर्यंत ते औषध पाजूनच आलं होतं.

तुळसा

*

एस्टी स्टँडमागे, खेड
१५ मे १९८५

तुळसाबाई,

आंतरदेशी घेतलं आहे. समाधान झालं?

तुमचं पत्र आलं तेव्हा बाळा दुकानात होता, मी एकटीच होते. वाचलं, आणि तशीच चप्पल घालून दातांच्या डॉक्टरांकडे गेले. तिथे जे झालं ते तुम्हाला सांगायची मला इच्छा नाही, पण अर्धं सांगितलं तर उरलेलं तुम्ही मनाने लावाल.

डॉक्टर म्हणाले, "आजी, ते औषध मी तुमच्या बारा वर्षांच्या नातवासाठी दिलं होतं. पाच वर्षांच्या मुलीला कोणी द्यायला सांगितलं? एवढ्या लहान मुलांना तोंडात घेऊन नीट थुंकता येत नाही, बरंचसं गिळतात. म्हणून त्यांना हे देतच नाहीत." बाकावर माणसं बसलेली होती. आमच्या दुकानातून तेल नेणारी सोनूबाई पण होती. एक जण गाल धरून बसला होता, तो दुखणं विसरून माझ्याकडे बघत होता.

मी का दिलं ते ऐका. नातवाला मी रोज सकाळी टोपण भरून देते, आणि शेजारी नात हात पुढे करून उभी. मुलाच्या मुलाला औषध, आणि लेकीच्या लेकीने नुसतं बघायचं? मला ते जमलं नाही. दिलं नसतं तर उद्या तुम्हीच म्हणाला असता, गोदाबाईंनी लेकीच्या लेकीसाठी हात आखडला. देवघरात ठेवते कारण तेवढी एकच जागा आहे जिथे नातू हात घालत नाही. आणि पूजेला बसल्यावर तोंड देवाकडेच असतं, तुमच्यात ते पाठीमागे वळत असेल तर असो. पट्टीची बाटली आमच्या खोकल्याच्या औषधाची, उकळून घेतली होती. बरोबर द्यायला दुसरी नव्हती.

झालं माझं. आता तुमचं. डॉक्टरांनी सांगितलं की मैनाला ब्रश द्या, त्यावर मटारच्या दाण्याएवढी पेस्ट, सकाळी आणि झोपायच्या आधी, मोठं माणूस समोर उभं राहून, थुंकली की नाही ते बघत. त्यावर दुसरं काही नको. दाढा बघायला तिला घेऊन या म्हणाले, दुधाच्या असल्या तरी किडल्या की ठणकतात. मग मी मशेरीचं विचारलं. त्यांनी हातातला चिमटा खाली ठेवला. म्हणाले, "त्या औषधाने पोटात ढवळलं आणि बरं झालं. मशेरीची सवय लागली तर ही मुलगी म्हातारपणापर्यंत सोडू शकणार नाही, तिच्या आजीला विचारा सुटते का."

विचारते. सुटते का?

नुसती बाजूला बसते म्हणता. नुसतं बघणारीचं बोट काळं कसं, तुळसाबाई? इथे आल्या दिवशी मी तिचा हात साबणाने धुतला, डाव्या हाताचं पहिलं बोट नखापर्यंत रंगलेलं होतं. आणि पहिले दोन दिवस सकाळी चिडचिड करायची, माझा डबा कुठे म्हणून. तिचा डबा!

हे सगळं मी विमलाला लिहिलं आहे. माझं पण लिहिलं आणि तुमचं पण.

गोदाबाई

*

वरची वाडी, पावस
२१ मे १९८५

विहीणबाई,

लेकीला कळवलंत? भांडण तुमचं नि माझं होतं. दोन म्हाताऱ्या भांडल्या असत्या आणि गप्प झाल्या असत्या. विमला परक्या मुलखात, सकाळी डबे भरून ऑफिस गाठते, तिला लेकीच्या पोटाचं आणि दातांचं आणि बोटाचं एकाच पत्रात कळवलंत! तुमची लेक आहे म्हणून तुम्हाला सगळं माफ. मी कळवलं असतं तर सासू चुगल्या करते झालं असतं.

बोट काळं असतं कारण पोर कोळशाने खळ्यात चित्रं काढते. येऊन बघा, माझा सारवलेला चौथरा काळा करून ठेवलाय. कोंबडी काढली आहे, तिला पाय चार. म्हटलं, कोंबडीला दोन पाय असतात गो. तर म्हणे, दोन पलीकडच्या कोंबडीचे आहेत, ती मागे लपलीय. आता बोला! पाच वर्षांची पोर, मागे लपलेली कोंबडी काढते. आणि तुम्ही तिच्या बोटाचा रंग बघता.

ब्रश आणला. ह्यांना पावसला पिटाळलं, लाल दांड्याचा मिळाला. पहिल्या दिवशी तिने तो घेतला आणि गोठ्यात जाऊन वासराचे दात घासले. वासरू उभं राहिलं हो! तोंड उघडून, पेस्ट चाटत. मी ओरडायला गेले आणि हसता हसता खाली बसले. मग ब्रश गरम पाण्याने धुतला. आता मी पुढ्यात उभी राहते, थुंक म्हणते, ती थुंकते, मी म्हणते दाखव, ती आ करते. खालचा पुढचा दात हलायला लागलाय. जिभेने हलवून दाखवते, हुसेनभाईलासुद्धा दाखवला. दाढा काळ्या आहेत, त्या मी उजेडात बघितल्या. ते खरं आहे. फणसपोळी वर टांगलीय.

मशेरी मी आता तिच्यासमोर लावत नाही. ती उठायच्या आत गोठ्यामागे जाऊन लावून येते. तुमचं ऐकून नव्हे. मला वाटलं म्हणून.

दाढा दाखवायला खेडला आणणार नाही. एकदा तुमच्या दारात आणली की तुम्ही ठेवून घ्याल, मी ओळखून आहे. इथल्या शाळेत मास्तरांना सांगून आलेय, नाव लिहून घ्या म्हणून. ते म्हणाले आईबापाची सही लागेल. महिपत माझा मुलगा आहे, मी सांगितलं की करेल.

तुळसा

*

भांडुप, मुंबई
२८ मे १९८५

आई आणि सासूबाई,

दोघींना वेगवेगळं लिहायला वेळ नाही. ऑफिसमध्ये कार्बन घालून एकदम लिहिते आहे. दोघींना तेच सांगायचं आहे.

आईचं पत्र वाचलं तेव्हा जेवणाची सुट्टी होती. डबा तसाच परत आणला. माझी मुलगी ओकत पडली होती, तिला दवाखान्यात नेली, आणि मला ते जवळजवळ महिन्याने कळलं. ते पण कोण चुकलं हे ठरवण्यासाठी कळलं. तिला कसं आहे म्हणून नव्हे.

आई, डॉक्टरने एका मुलाला दिलेलं औषध तू दुसऱ्या मुलीला दिलंस. विचारलं नाहीस. लोक काय म्हणतील म्हणून दिलंस. सासूबाई काय म्हणतील म्हणून दिलंस. तिच्यासाठी काय बरं, हे त्यात कुठे आहे?

सासूबाई, तुम्ही माझ्या मुलीला चालायला शिकवलं, बोलायला शिकवलं, तापात रात्री जागलात, ते मी विसरलेले नाही. तरी हे लिहावंच लागतं. चुळीचं औषध लहान मुलीला देऊ नये, हे डॉक्टरने सांगावं लागलं. तंबाखू देऊ नये, हे सांगायला पण डॉक्टर लागतो? आणि ती नुसती बघते असं तुम्ही म्हणता. ते खरं असेल तर मी तुमची पाया पडून माफी मागेन. मी स्वतः येऊन बघणार आहे.

शाळेसाठी तुम्हा दोघींना मिळून ठरवा म्हटलं ती माझी चूक. भांडुपला आम्हाला स्वतंत्र खोली मिळाली आहे, लहान आहे, पण आमची आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी येते. यांना रजा नाही, एकटी येईन. मैनाला घेऊन जाईन. नाव इथे घालणार. गणपतीला मैना येईल की नुसते हे एकटे येतील, ते त्या वेळी मी ठरवीन.

विमला

*

वरची वाडी, पावस
१६ जून १९८५

विहीणबाई गोदाबाईंना तुळसाचा नमस्कार.

विमलाच्या पत्राची मला खालची प्रत आली, निळी, पुसट. कार्बनची. वरची तुम्हाला गेली असणार. आईला वरची, सासूला खालची. तो राग पण आहे, पण तो शेवटचा ठेवते.

ती आली आणि घेऊन गेली. तुम्हाला कळवलं असेलच तिने. माझ्या तोंडून पण ऐका, कारण तिने तुम्हाला तिच्या बाजूने सांगितलं असेल.

सकाळच्या एस्टीने उतरली. मैना धावत गेली, लोंबकळली, हलता दात दाखवला. विमलाने तिला दारात उजेडाकडे तोंड करून उभी केली आणि आ कर म्हणाली. बघितलं. मग म्हणाली, "बोट दाखव." पोरीने दहाही बोटं पसरली. स्वच्छ, विहीणबाई. गुलाबाच्या पाकळीसारखी. मी इतक्या दिवसांनी पहिल्यांदा श्वास सोडला. ब्रश दाखवला, पेस्ट दाखवली. विमलाचा चेहरा सैल झाला. मला म्हणाली, "सासूबाई, मी रागात फार लिहिलं." आणि खरोखर पाया पडायला वाकली.

तेवढ्यात माझ्या पोरीला, माझ्या शहाण्या बाहुलीला, माझी कड घ्यायची होती. म्हणाली, "आई, आजीला ओरडू नको हां. आजी आता मला देत नाही. आता ती गोठ्यामागे एकटीच लावते. मी मागितली तरी देत नाही."

विमला अर्धी वाकलेली होती, ती तशीच उभी राहिली.

आता देत नाही! त्या एका शब्दावर माझं घर गेलं. विमलाने मोठा आवाज केला असता तर मी पण केला असता. तिने केला नाही. गोठ्यामागे गेली, कोनाड्यातला डबा घेतला, सगळ्यांच्या देखत उकिरड्यावर नेऊन उपडा केला. यमुनाबाई कुंपणाशी होती, तिने मान फिरवली, ह्या वेळी हसली नाही. मग पोरीचे कपडे भरले. मैना विचारत होती, "मी काय केलं गो आजी? मी तर तुझं चांगलंच सांगितलं." मी म्हटलं, चांगलंच सांगितलंस, माझे बाय. ह्यांनी पिशवी घेतली आणि थांब्यापर्यंत गेले. मी गेले नाही. मी चौथऱ्यावर बसून होते. तिच्या कोंबड्या आहेत त्यावर, म्हणून तो मी अजून सारवलेला नाही.

दुसऱ्या दिवशी मी उकिरड्यावरून डबा उचलून आणला, धुतला. तुम्हाला खोटं सांगत नाही. लावली मशेरी. तुमच्या डॉक्टरांनी विचारलं होतं ना सुटते का? नाही सुटत. साठीची झाले मी. दात माझे आहेत, ते जातील तर जातील. पण मग तो डबा हातात घेऊन बसले आणि मनात आलं, पोरगी म्हणाली मागितली तरी देत नाही. म्हणजे मागत होती. सकाळी मागत होती, आणि मला वाटायचं आजीची नक्कल करते, किती गोड करते. ह्यांना बोलावून दाखवायचे मी. बघा हो, कशी माझ्यासारखी पाय पसरून बसते, कशी पिंक टाकते.

त्या गुलाबी पाण्यावरून मी तुम्हाला विष पाजलं म्हणाले. शब्द मागे घेत नाही, रागात होते, अजून आहे. तुमच्या जपावर राग आहे, तुमच्या कार्डावर आहे, लेकीला कळवलंत त्यावर तर फारच आहे. विमलावर आहे, तिने पोरीला पाणंदीच्या टोकावरून हातसुद्धा हलवू दिला नाही. माझ्यावर किती आहे ते लिहायला हे आंतरदेशी पुरणार नाही.

आता काम सांगते, त्यासाठीच लिहायला बसले. ती जाऊन इतके दिवस झाले, मला भांडुपहून एक ओळ नाही. तुम्हाला पत्र आलं असेल. तिची दाढ दाखवली काय, दुखली काय, दात पडला काय, पडला तर कोणी कौलावर टाकला, तिथे कौल आहे की नाही, हे मला कळवा. शाळेत रडते काय ते कळवा.

आणि विमलाला लिहा की गणपतीला मैनाला पाठव. मैना येईल त्याच्या आदल्या दिवशी मशेरी घराबाहेर जाईल, माझ्याकडची आणि यमुनाबाईची पण, तिच्याशी बोलले आहे. मैना असेपर्यंत मी लावणार नाही, गोठ्यामागे नाही आणि कुठेच नाही. डोकं दुखलं, पोट फुगलं तरी नाही. हे मी लिहिलं तर विमला विश्वास ठेवणार नाही, एकदा लेखी खोटं बोलले आहे मी. तुम्ही लिहा. पाहिजे तर आधी इथे येऊन राहा, माझ्यावर नजर ठेवा, घावणे करून घालीन. तुम्ही माझ्या बाजूने एक शब्द लिहिलात तर तो ती मानेल, कारण तुम्हाला मी आवडत नाही हे तिला पक्कं माहीत आहे.

आजच लिहा. राग उतरायची वाट बघू नका. राग उतरला की तुम्ही गोड लिहाल, आणि गोड लिहिलेलं तिला खरं वाटायचं नाही.

तुळसा